भाव तासाभरात परत आला

दोन शब्द शुनसाकुमामा बोलतील असं बाबांनी ठरवलं, तेव्हा कानाएने विरोध केला नव्हता. आईचे ते एकुलते एक धाकटे भाऊ. तोक्योतल्या एका मोठ्या बँकेत, परकी चलनं घेण्या-विकण्याच्या खात्यात त्यांनी उभा जन्म काढलेला. चार माणसांत बोलायची सवय असलेला माणूस. आई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले, अस्थी थडग्यात ठेवून झाल्या, की जेवणाआधी गेलेल्या माणसाच्या नावाने पेला उंचावायचा असतो. तो मान मामांकडे जाणं सगळ्यांनाच साहजिक वाटलं.

कानाएला वाटलं नाही. त्या दोन शब्दांत मामा काय सांगणार याचा तिला अंदाज होता. आणि ते एकदा सगळ्यांसमोर बोललं गेलं, की आई कायमची तशीच राहणार होती : भाबडी, थोडी हावरी, नवऱ्याची निवृत्तीची पुंजी मोबाइलवर उडवून बसलेली बाई.

म्हणून देवळातून जेवणाच्या जागी नेणाऱ्या लहान बसमध्ये ती मुद्दाम मामांच्या शेजारी बसली.

“मामा, आईच्या त्या सौद्यांबद्दल आज बोलणार आहात?”

“थोडंसं. लोकांच्या मनात आहेच ना ते. मुळीच बोललो नाही तर आणखी कुजबुजतील. मी एवढंच म्हणेन, की तिची चूक आपण पोटात घालू या.”

“चूक कसली पण?”

मामांनी काळ्या टायची गाठ जरा सैल केली. “कानाए, तू ग्रंथालयात काम करणारी मुलगी. बाजार म्हणजे ग्रंथालय नाही. तिथे कोणी कोणाला ‘हळू बोला’ म्हणत नाही.”

“म्हणूनच तुम्हाला विचारते. लहान माणसांचे सौदे उडवायला मोठ्या बँका मुद्दाम भाव पाडतात का?”

“हरलेले सगळे असंच म्हणतात.”

“आणि जिंकलेले काय म्हणतात?”

“जिंकलेले गप्प बसतात, बाळ.” मामा हसले, आणि मग आपल्याच बोलण्याने सावध झाल्यासारखे खिडकीबाहेर बघू लागले. “आज नको हा विषय. आज ताईचा दिवस आहे.”

तिचा दिवस आहे म्हणूनच, असं कानाएच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बस थांबली आणि पुढच्या आसनावरच्या नागाए काकू, “मेलं हे काळं किमोनो, उठताना जीव घेतं,” असं म्हणत उठल्या.

नागाए काकू आणि ओगुरी काकू या आईच्या मैत्रिणी. तिघींनी तरुणपणी इचिनोमियातल्या एकाच लोकरीच्या गिरणीत काम केलेलं. गिरणी बंद पडली, पण सकाळी ‘स्वान’ नावाच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसण्याची त्यांची सवय सुटली नाही. एका कॉफीच्या पैशात जाड टोस्ट, उकडलेलं अंडं आणि टोस्टवर पसरायला गोड लाल पुरण. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची सकाळ अशीच जाते. यांची मात्र तिथे शाळा भरायची. मोबाइल टेबलावर उताणे ठेवलेले, दहाच्या सुमाराला तोक्योच्या बँका त्या दिवसाचा डॉलरचा दर ठरवतात त्याची वाट बघत तिघी बसलेल्या. तिघींचा आवडता सौदा ऑस्ट्रेलियन डॉलरचा. येन देऊन तो घेऊन ठेवायचा. तिकडचं व्याज जास्त, ते रोज थोडं थोडं खात्यात पडतं. इथल्या बँकेत पैसा ठेवला तर वर्षाच्या व्याजात टोस्टसुद्धा येत नाही, असं आई म्हणायची. ठेवलेल्या पैशाच्या कितीतरी पट मोठा सौदा करता येतो आणि तिथेच धोका असतो, हेही तिला पक्कं माहीत होतं. वहीत आलेख काढून ती ते ओगुरी काकूंना समजावत असे.

धोका आवरायला स्टॉपलॉस असतो. भाव अमुक एका आकड्याखाली घसरला तर माझं आपोआप विकून टाका, अशी सौदे करून देणाऱ्या कंपनीला आधीच देऊन ठेवलेली सूचना. तो कुठे लावायचा, हे त्यांना मामांनी सांगितलं होतं. एकदा गावी आले असताना ते ‘स्वान’मध्ये येऊन बसले आणि म्हणाले, की गोल आकडा बघायचा, त्याच्या जरासं खाली लावायचा, आणि निवांत झोपायचं. आईने तसा लावला. नागाए काकू म्हणाल्या, “मलाही तेच.” ओगुरी काकूही म्हणाल्या, “मलाही तेच.” कॉफी मागवतानासुद्धा त्या तसंच करत. पहिलीने जे मागवलं तेच सगळ्यांनी मागवायचं. वेगळं काही मागितलं तर दुकानदाराला त्रास, आणि ही स्वतःला फार शहाणी समजते असं इतरांना वाटायचं. या देशात अशा किती दुकानांत, किती टेबलांवर, किती बायकांनी “मलाही तेच” म्हणून त्याच गोल आकड्याच्या जरासं खाली बोट टेकवलं असेल, याचा कानाएने पुढे पुष्कळ विचार केला.

नव्या वर्षाच्या सुट्टीत ते घडलं. देशातल्या बँका बंद, तोक्योचा बाजार बंद, अमेरिकेतला दिवस संपलेला. बाजारात चिटपाखरू नव्हतं. आई सकाळी मोचीचं, तांदळाच्या चिकट गोळ्यांचं, सूप ठेवायला उठली आणि तिने मोबाइल बघितला. ऑस्ट्रेलियन डॉलर कोसळला होता. गोल आकडा तुटला, त्याच्या खालच्या सगळ्या सूचना एकदम जाग्या झाल्या. सगळे विकायला आणि घेणारा कोणी नाही, म्हणून विकलं गेलं ते ठरवलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली. मग भाव वर चढायला लागला. सूप वाडग्यांत वाढेपर्यंत तो जवळजवळ आपल्या जागी येऊन बसला होता. जगात काहीच घडलं नव्हतं. कुठे युद्ध नाही, कुठे भूकंप नाही. फक्त स्वयंपाकघरातल्या बायका बाजाराबाहेर फेकल्या गेल्या होत्या.

कंपनीने कळवलं, की त्या वेळचा बाजारभाव तोच होता.

त्या वसंतात बाबांनी आईला दोन्ही घरच्या माणसांची माफी मागायला लावली. पुंजी दोघांची होती, मुला-नातवंडांची होती, तेव्हा तोंड लपवून चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आजोळच्या बैठकीत आई एकेकासमोर बसून चटईला कपाळ टेकवत गेली. शुनसाकुमामांसमोरही. पाठच्या भावासमोर. कानाए तिथेच बाजूला, पाहुण्यांसाठी स्ट्रॉबेऱ्यांचे देठ काढत बसली होती. मामा म्हणाले, “असू दे ताई. बाजार आपल्यासारख्यांसाठी नसतो.” आईचं कपाळ अजून चटईवरच होतं. ‘आपल्यासारख्यांसाठी’ हा शब्द कानाएच्या मनात तेव्हापासून काट्यासारखा राहिला. मामांनी तर त्याच बाजारावर दोन घरं बांधली होती.

सप्टेंबरच्या अखेरीला आई गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. कानाएने ते मान्य केलं. आई बाजारामुळे गेली असं ती कधी कोणाला म्हणाली नाही. पण आई मान खाली घालून गेली, आणि ती मान तिने आपणहून खाली घातली नव्हती.

जेवणाच्या खोलीत आईचा फोटो मधोमध ठेवलेला, तिच्यापुढेही एक ताट मांडलेलं. देवळातले वृद्ध गुरुजी मानाच्या जागी बसले. त्यांच्या शेजारी बाबा, मग मामा, मग इतर नातेवाईक. दाराजवळ नागाए काकू आणि ओगुरी काकू. सगळ्यांच्या लहान पेल्यांत साके, तांदळाची दारू, ओतली गेली. मामा उठून उभे राहिले.

“माझी तोमिकोताई साधी होती,” ते म्हणाले. आवाज छान लागला होता. “दुसऱ्यासाठी राबणं तिला कळायचं, पैशाचं जग कधी कळलं नाही. शेवटच्या काळात तिच्या हातून जी चूक घडली ती भोळेपणाने घडली. भावोजींनी ती मोठ्या मनाने पोटात घातली. आपणही घालू या. ताईच्या आत्म्याला शांती लाभो. सर्वांनी पेले घ्यावेत.”

सगळ्यांनी पेले छातीपाशी धरले. आता मामा ‘केनपाई’ म्हणणार, सगळे हलक्या आवाजात तो शब्द म्हणणार आणि एकेक घोट घेणार. पेल्याला पेला लावायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि बोलणाऱ्याने तो शब्द उच्चारेपर्यंत कोणी प्यायचं नाही, पेला खालीही ठेवायचा नाही.

“मामा, थांबा,” कानाए म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता, पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

“आत्ता?” मामा म्हणाले.

“तो शब्द म्हणायच्या आधी. आईने स्टॉपलॉस कुठे लावावा हे तिला कोणी सांगितलं?”

“कानाए!” बाबांनी दटावलं.

“ह्यांनीच!” दाराजवळून नागाए काकू म्हणाल्या. “माझ्या शेजारी बसून सांगितलं. टोस्टही माझ्याच पैशाने खाल्ला. दोन खाल्ले.”

“नागाए-सान, अहो...” ओगुरी काकूंनी त्यांची बाही ओढली.

“ओढू नका, सांडेल. खोटं बोलतेय का मी?”

मामांनी हातातला पेला बघितला. तो ठेवायला जागा नव्हती; ठेवायची रीतही नव्हती. “साधा सल्ला होता तो. प्रत्येक पुस्तकात असतो. गोल आकड्याच्या खाली...”

“हो. प्रत्येक पुस्तकात असतो,” कानाए म्हणाली. “म्हणून प्रत्येकजण तिथेच लावतो. तुम्ही बँकेत होतात तेव्हा तुम्हाला ते दिसायचं?”

“नावं दिसत नाहीत. कोण कुठला गिऱ्हाईक, काही कळत नाही.”

“नावं नाही विचारली. ढीग दिसायचा का?”

एका आतेभावाचा पेला थरथरायला लागला होता. त्याने दुसऱ्या हाताने तो सावरला. गुरुजी पेला तसाच धरून म्हणाले, “शुनसाकु-सान, सांगून टाका. माझं कोपर आता म्हातारं झालंय.”

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं.

“दिसायचा,” मामा म्हणाले. “अंदाज असायचा. लहान गिऱ्हाइकांच्या कंपन्या आपला माल शेवटी आमच्याकडेच आणतात. कुठे ढीग साचलाय ते दहा वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कळतं. त्यात लपवण्यासारखं काही...”

“मग ढिगाचं काय करायचात?”

“कानाए, हे इथे...”

“आईच्या चुकीबद्दल इथेच बोललात.”

मामांनी फोटोकडे नाही, बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते. मग मामा पटापट बोलू लागले, जणू लवकर संपवलं तर कमी बोलल्यासारखं होईल.

“बाजारात माणसं कमी असली की भाव हलवायला फार पैसा लागत नाही. थोडं विकायचं. गोल आकडा तुटला की खालचे आपोआप विकायला लागतात, मग आपल्याला काही करावं लागत नाही. ते घाबरून विकतात ते आपण खाली घ्यायचं. भाव वर आला की झालं. सगळ्या बँका करतात असं नाही. रोज करतात असंही नाही. पण करतात. आमच्याकडे त्याला झाडू मारणं म्हणायचे.” ते थांबले. “माझ्या हातून ताईचं काही झालेलं नाही. त्या जानेवारीत मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. त्या दिवशी कोणी ढकललं, का आपोआप घसरलं, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मीही नाही.”

“कायद्यात बसतं का ते?” एका दूरच्या काकांनी विचारलं.

“आपसांत ठरवून केलं तर नाही. परदेशात बँकांना दंड झालेत. एकट्याने केलं तर... सिद्ध करणं अवघड.”

“झाडू!” नागाए काकू म्हणाल्या. “आम्ही कचरा होय रे मेल्या?”

या वेळी ओगुरी काकूंनी बाही ओढली नाही.

कानाएच्या हातातली साके बोटांवर सांडत होती. तिला वाटलं होतं, हे कबूल करून घेतलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. ज्या माणसाला झाडू कुठे फिरतो ते माहीत होतं, त्यानेच आपल्या बहिणीला तिथे बसायला सांगितलं होतं, निवांत झोप म्हणून. कपटाने नव्हे. सवयीने, टोस्ट खाता खाता. कपट असतं तर तिला निदान त्याचा तिरस्कार करता आला असता. हे त्याहून हलकं होतं आणि म्हणून जास्त संतापजनक.

“शुनसाकु,” बाबा म्हणाले. विधी आणि मघाचं ते दटावणं सोडलं तर त्या दिवशी ते पहिल्यांदाच आपणहून बोलत होते. “भाव परत आला होता का?”

“कधी?”

“त्याच दिवशी. सकाळी. तोमिको मला म्हणाली होती, तासाभरात परत आला. मी म्हटलं, हरलेल्याची सबब आहे ही. असं कुठे असतं का?”

“आला होता, भावोजी.”

“म्हणजे ती खोटं बोलत नव्हती.”

“नाही.”

बाबांनी मान हलवली. गिरण्यांचे माग दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं; माग न बिघडता धागा तुटू शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी बसलं नव्हतं. धागा तुटला म्हणजे कुणाचीतरी चूक. घरात चूक करणारं दुसरं होतं कोण?

“ती तुझ्यापुढे वाकली,” ते म्हणाले. “कपाळ टेकवून. तेव्हा तुला हे सगळं माहीत होतं.”

“मग मी काय करायला हवं होतं? सगळे बसले होते...”

“उठवायचं होतं तिला.”



“आणि वाकायला लावलं कोणी, बाबा?” कानाए म्हणाली.

तिला हे बोलायचं नव्हतं. आज तरी नव्हतं. पण अर्धी बाजू मांडून उरलेली गिळून टाकणं तिला जमलं नाही. तशी गिळलेली बाजू तिने आईच्या चेहऱ्यावर सहा महिने पाहिली होती.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. “मी,” ते म्हणाले. मग फोटोकडे वळून, जणू तिला ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा म्हणाले, “मी लावलं.”

पेले अजून छातीपाशीच होते. मामांनी घसा खाकरला, तोंड उघडलं. तो शब्द म्हणून हे सगळं मिटवून टाकावं असं त्यांच्या मनात असावं. बाबांनी हात वर केला.

“तू नको. तू बस.”

मामा बसले. पेला हातात तसाच.

“नागाए-सान,” बाबा म्हणाले, “तुम्ही म्हणा. तुम्ही तिच्याबरोबर होतात.”

“मी? इश्श! मला भाषणं येत नाहीत.” नागाए काकू गुडघ्यावर हात देऊन, किमोनोला शिव्या घालत उभ्या राहिल्या. एकवार फोटोकडे, एकवार ओगुरी काकूंकडे बघितलं. “तोमिकोताई आमच्यात हुशार होती. आम्ही तिचं बघून करायचो. ती चुकली म्हणून नाही बुडाली. तिला लुटलं. आम्हालाही लुटलं. कोणी लुटलं त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत, आणि त्यांना आमची नाहीत.” त्यांनी पेला फोटोकडे उंचावला. “एवढंच. केनपाई.”

“केनपाई,” सगळे म्हणाले. सगळ्यांनी घोट घेतला. बाबांनी पेला रिकामा केला.

मामांनीही घेतला, आणि मग रुमालाने ओठ टिपले. कानाएने ते पाहिलं. त्यांच्या घशाखाली तो घोट इतक्या सहज उतरलेला पाहून ती पुन्हा पेटली. पण तिने वाडग्यावरचं झाकण उघडलं. सोयाबीनच्या लाल मिसोचं सूप अजून गरम होतं. गुरुजी कोपर चोळत होते. बाबा आपली जागा सोडून, वाडगा हातात घेऊन दाराजवळच्या दोघींसमोर जाऊन बसले.

“मला नीट सांगा,” ते ओगुरी काकूंना म्हणत होते. “ती कशी करायची ते. पहिल्यापासून सांगा. मी कधी विचारलं नाही.”

ओगुरी काकूंनी आधी नागाए काकूंकडे बघितलं. मग चॉपस्टिक बाजूला ठेवून त्यांनी ताटाच्या रिकाम्या कडेवर बोटाने एक वर जाणारी रेघ काढली. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “तोमिकोताई इथून घ्यायच्या.”